फॉल कलर्सचा घाट: कॅन्कमॉगस कॉनवेकडून का चढावा

सप्टेंबर लागला की बॉस्टन आणि न्यू जर्सीकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विचारणा सुरू होते: यंदा फॉलचा 'पीक', म्हणजे पानगळीआधीच्या रंगांचा ऐन भर, कधी? मग कुणी लाल-पिवळा नकाशा टाकतं, कुणी गेल्या वर्षीचे फोटो टाकतं, आणि शेवटी सगळे मिळून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या लाँग वीकेंडचं हॉटेल बुक करतात. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत फॉल सीझनची सगळ्यात मोठी गर्दी नेमकी त्याच तीन दिवसांत असते. रंग असतात, नाही असं नाही. पण ते पुढच्या गाडीच्या ब्रेकलाइटच्या साक्षीने बघावे लागतात.

रजा, हॉटेल, मुलांची शाळा, भारतातून आलेल्या आईबाबांचं परतीचं तिकीट या सगळ्यात तारीख आपल्या हातात फारशी नसतेच. हातात असते ती उंची. न्यू हॅम्पशायरचा कॅन्कमॉगस हायवे, म्हणजे रूट ११२, त्यासाठी फार सोयीचा आहे. पूर्वेचं कॉनवे साधारण साडेचारशे फुटांवर, मधला घाटमाथा २,८५५ फुटांवर आणि पश्चिमेचं लिंकन आठशे फुटांच्या आसपास. सगळा रस्ता ३४.५ मैलांचा. फॉलचा रंग वरून खाली उतरत येतो, त्यामुळे २५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात कधीही गेलात तरी या रस्त्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यात झाडं ऐन भरात असतात. फक्त कुठला टप्पा ते ओळखून तिथे वेळ घालवायचा.

ढोबळ हिशेब असा. सप्टेंबरच्या मध्यावर पहिल्यांदा लाल होतात ते पाणथळ जागेतले रेड मेपल. खालच्या दलदलीत एखादं झाड पेटलेलं दिसलं म्हणून सगळं जंगल तयार झालं असं समजू नका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या ४-५ तारखेपर्यंत घाटमाथ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा, म्हणजे १,५०० ते २,५०० फूट, चांगला असतो. पुढच्या आठवड्यात रंग स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात उतरतो. ८ ते १५ तारखेच्या दरम्यान कॉनवे आणि लिंकनच्या आसपास सपाटीवर मजा असते, आणि तोवर वरच्या बर्चची पानं झडलेली असतात. एखादं वर्ष चार-पाच दिवस मागेपुढे होतंच.

नवखे हमखास एक चूक करतात. वर जास्त रंग असेल म्हणून ते थेट घाटमाथा गाठतात आणि तिथे उतरून बघतात तर आजूबाजूला गर्द हिरवं जंगल. साधारण अडीच हजार फुटांच्या वर स्प्रूस आणि फर ही सूचिपर्णी झाडं सुरू होतात, ती रंग बदलत नाहीत. माथ्याजवळच्या व्ह्यू पॉइंटवर उभं राहायचं ते खाली बघायला. गडद हिरव्या पट्ट्याखाली पिवळा बर्च, त्याखाली लाल-नारिंगी मेपल असे थर तिथून स्पष्ट दिसतात, आणि सध्या रंग किती उंचीवर आहे हेही एका नजरेत कळतं. त्यावरून दिवसाचा पुढचा बेत बदलावा.

राज्याच्या पर्यटन खात्याच्या वेबसाइटवर दर आठवड्याला फॉलचा नकाशा येतो. तो वापरा, पण त्यात एका मोठ्या विभागाला एकच रंग दिलेला असतो, डोंगर आणि पायथा वेगळे काढलेले नसतात. त्यापेक्षा आदल्या दिवशीचे वेबकॅम बघावेत आणि मुक्कामाच्या हॉटेलात फोन करून सरळ विचारावं: पानं झाडावर आहेत की खाली?

रंग कसा येणार हे हवामानावर ठरतं. दिवस लहान होऊ लागला की पानातलं हरितद्रव्य नव्याने तयार होणं थांबतं आणि असलेलं मोडत जातं. बर्च आणि ॲस्पेनचा पिवळा पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की तो उघडा पडतो. म्हणून पिवळा बहुतेक दरवर्षी भरवशाचा. मेपलच्या लालची गोष्ट वेगळी. तो अँथोसायनिनमुळे येतो आणि हे द्रव्य त्याच दिवसांत पानात अडकलेल्या साखरेपासून बनतं. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी लागते, पण गोठवणारी नको. रात्री उबदार राहिल्या तर लाल फिका पडतो आणि लांबतो. उन्हाळ्यात पाऊस कमी झाला असेल तर पानं लवकर आणि कडेने करपून गळतात. सगळं जुळून आलं तरी एक वाऱ्यापावसाची रात्र निम्मी पानं खाली आणू शकते, म्हणून वादळाचा अंदाज असेल तर एक दिवस आधी निघा, नंतर नको. सह्याद्रीत याच अँथोसायनिनची गंमत उलटी दिसते: तिथे कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक असते आणि मग हिरवी होते.

आता मुख्य मुद्दा, कुठून चढायचं. बॉस्टनहून येणारे बहुतेक जण ९३ नंबरच्या इंटरस्टेटने लिंकनला उतरतात, साधारण १३० मैल, सव्वादोन तास. ही मंडळी नाश्ता-पाणी करून दहाच्या सुमारास घाटाला लागतात आणि सूर्य डोळ्यांवर घेत पूर्वेकडे जातात. तुम्ही उलटं करा. आदल्या रात्री कॉनवे किंवा नॉर्थ कॉनवेला मुक्काम करा आणि सकाळी सातला पश्चिमेकडे निघा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो. ऊन पाठीवर, समोरची झाडं उजळलेली, आणि गर्दी समोरून येईपर्यंत तुमचा अर्धा रस्ता झालेला असतो.

निघण्याआधी टाकी फुल्ल. कॉनवे सोडलं की लिंकनपर्यंत पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, हॉटेल नाही. चहाचा थर्मास आणि थालीपीठं गाडीत हवीतच. मोबाइलची रेंजही बहुतांश रस्त्यावर नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. दोन-तीन गाड्या मिळून जात असाल तर "पुढे कुठेतरी भेटू" असं ठरवू नका. जागेचं नाव आणि वेळ पक्की करा, नाहीतर एक गाडी सॅबाडे फॉल्सला आणि दुसरी लिंकनमध्ये वाट बघत बसते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर घाबरायचं कारण नाही: कॉनवेकडून माथ्यापर्यंत चढायला सपाटीपेक्षा पाच युनिटच्या आसपास जास्त वीज जाते आणि त्यातली बरीचशी उतारावर परत मिळते. गोठलेल्या सकाळी हीटर खातो ती वेगळी.

व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टच्या विकसित थांब्यांवर गाडीमागे दिवसाला ५ डॉलर पार्किंग शुल्क आहे. पाटीजवळ पाकिटं ठेवलेली असतात. त्यावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत घालून लोखंडी पेटीत टाकायचं आणि फाडलेला तुकडा गाडीत समोर दिसेल असा ठेवायचा. तिथे सुट्टे द्यायला कुणी नसतं, म्हणून पाचची नोट जवळ असू द्या. एकदा भरलेलं शुल्क त्या दिवशी पुढच्या थांब्यांनाही चालतं. नॅशनल पार्कांचा वार्षिक पास असेल तर तो पुरतो.

पहिला थांबा कॉनवेपासून सहा मैलांवरचा अल्बनी कव्हर्ड ब्रिज. १८५८ सालचा लाकडी, छपराचा पूल, स्विफ्ट नदीवर. त्यावरून गाडी जाते, पण उंचीची मर्यादा आठ फुटांच्या आत आहे. छतावर सायकली किंवा सामानाची पेटी असेल तर गाडी अलीकडेच लावा. पूल बघायचा तो खाली नदीतल्या दगडांवरून, वर उभं राहून काही दिसत नाही. लोअर फॉल्स लगेच पुढे. वेळ कमी असेल तर तो सोडा आणि रॉकी गॉर्जला थांबा: अरुंद घळीतून पाणी घुसतं, वर पादचारी पूल आहे आणि पलीकडे दोन मिनिटांवर एक शांत तळं, ज्यात सकाळी वारा नसताना मेपलचं प्रतिबिंब पडतं. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांसाठी या रस्त्यावरची सगळ्यात सोपी जागा हीच. ओल्या खडकांवर मात्र कुणीही जाऊ नये. इथे पोहायला बंदी आहे आणि ती उगीच नाही.

सॅबाडे फॉल्ससाठी रस्त्यापासून पाव-अर्धा मैल चालायचं. वाट चांगली आहे, शेवटी लाकडी पायऱ्या. धबधबा तीन टप्प्यांत पडतो. तिथे साडेआठ-नऊच्या आत पोहोचा, कारण ऊन थेट पाण्यावर आलं की फोटोत पाणी पांढरंफटक होतं आणि पानं काळी. सावलीत किंवा ढगाळ दिवशी दोन्ही नीट येतं. याच कारणासाठी पावसाळी अंदाज बघून ट्रिप रद्द करू नका. भिजलेल्या पानांचा रंग ढगाळ उजेडात जास्त गडद दिसतो. ओल्या पानांवरची चकाकी काढायला कॅमेऱ्याला पोलरायझर लावा. फोनवर एक्स्पोजर किंचित खाली ओढलं की लाल रंग फुटत नाही.

दरीत सकाळी धुकं असतं आणि ते कधी नऊला, कधी दहाला उठतं. धबधबे आधी, व्ह्यू पॉइंट नंतर, हा क्रम त्यामुळेच. शुगर हिल आणि सी. एल. ग्रॅम वँगन ग्राउंड हे दोन पॉइंट माथ्याच्या पूर्वेला आहेत. शुगर हिलवरून आपण चढून आलो ते खोरं दिसतं. माथा ओलांडल्यावर पेमिजवॅसेट ओव्हरलूक आणि मग हेअरपिन वळणावरचा हँकॉक ओव्हरलूक. पेमिजवॅसेटला पार्किंग मोठं आहे, तिथे निवांत बसा. हँकॉकला गाडी लावायला जागा मिळणं कठीण, कारण ट्रेक करणाऱ्यांच्या गाड्या पहाटेपासून असतात. जागा नसेल तर पुढे चला, वळणावर ताटकळू नका. लिंकन वूड्सला झुलता पूल आहे. मुलं कंटाळली असतील तर त्यांना उतरवायला ही जागा चांगली.

पश्चिमेचा उतार पूर्वेपेक्षा तीव्र आहे: १३ मैलांत दोन हजार फूट. आपल्याकडच्या घाटांपुढे हा रस्ता रुंद आणि सोपा, पण त्यामुळेच लोक ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहतात. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ठेवून उतरू नका. एल, २, ३, एस, हायब्रिडमध्ये बी, जे खालचं गिअर असेल ते माथ्यावरच लावा, म्हणजे वेग इंजिन आवरेल आणि ब्रेक फक्त वळणाआधी लागेल. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर पुढच्या थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी उभी करा. चाकांवर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

पानांचा धोका कुणी मनावर घेत नाही. ओली पानं डांबरावर चिकटली की टायर घसरतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला ती जास्त साचतात. पट्टेही झाकले जातात. पावसानंतर वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. वाळलेल्या पानांच्या ढिगावर गाडी उभी करणंही टाळा. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इतका तापलेला असतो की खालची पानं पेट घेऊ शकतात. पहाटे माथ्याजवळ आणि पुलांवर बर्फाचा पातळ थर असू शकतो, ऑक्टोबर असला तरी.

आणि मूस, हरणाच्या कुळातला अजस्र प्राणी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा त्यांचा माजाचा काळ, नर बेफिकीर रस्त्यावर येतात. अंग काळसर, पाय इतके लांब की हेडलाइटच्या झोतात फक्त पाय येतात आणि डोळे चमकत नाहीत. हरणासारखा तो आधी दिसेल या भरवशावर राहू नका. गाडी पायांना लागली की चार-पाचशे किलोचं धड थेट काचेवर येतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला वेग कमी ठेवणं हाच उपाय.

लिंकनला अकरापर्यंत पोहोचलात की जेवण, आणि मग परतीचा रस्ता तोच घेऊ नका. उत्तरेला फ्रँकोनिया नॉचमधून ९३ ने वर जा. या खिंडीत इंटरस्टेटसुद्धा दोन्हीकडे एकेका लेनचा होतो, त्यामुळे वीकेंडला इथे गाड्या तुंबतात. आर्टिस्ट्स ब्लफची प्रसिद्ध टेकडी इथेच आहे, पण ती दुपारी करू नये: दृश्य दक्षिणेकडचं, सूर्य समोर, पार्किंग भरलेलं. कडेला गाडी लावली तर उचलून नेतात. एक मुक्काम जास्त असेल तर सकाळी सातला या, अर्ध्या तासाची चढण आहे. याच खिंडीतल्या फ्लूम गॉर्ज या अरुंद घळीचं तिकीट हवं असेल तर आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

पुढे रूट ३ आणि मग ३०२ पूर्वेकडे. दुपारनंतर हाच रस्ता योग्य, कारण ऊन पुन्हा पाठीमागून येतं. ब्रेटन वूड्सला लाल छपराचं पांढरंशुभ्र माउंट वॉशिंग्टन हॉटेल आणि त्यामागे ६,२८८ फुटांचं माउंट वॉशिंग्टन दुपारच्या उजेडात समोरून उजळलेलं दिसतं. कधीकधी खाली फॉल आणि शिखरावर बर्फ असा योग येतो. मराठी माणसाने इथे पाच मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही: जुलै १९४४ मध्ये याच हॉटेलात ४४ देशांच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची पायाभरणी झाली, आणि भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचे सीडी.

तिथून क्रॉफर्ड नॉच. पूर्वेची भिंत दुपारच्या उन्हात पेटते, दोन धबधबे अगदी रस्त्याला लागून आहेत. पायांत जोर असेल तर माउंट विलर्डची वाट चढा. एका बाजूने १.६ मैल, ९०० फूट चढ, वरून अख्खी खिंड पायाखाली. त्यासाठी दोन-अडीच तास धरा आणि साडेतीननंतर सुरू करू नका, सव्वासहाच्या सुमारास सूर्यास्त असला तरी दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. अशी पूर्ण प्रदक्षिणा सुमारे १०० मैल होते. न थांबता तीन तास, थांबत गेलात तर पूर्ण दिवस.

शेवटची अडचण नॉर्थ कॉनवेची. न्यू हॅम्पशायरमध्ये सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे तिथल्या आउटलेट दुकानांसाठी येणारी गर्दी आणि फॉलची गर्दी संध्याकाळी रूट १६ वर एकत्र होते. ग्लेनजवळून वेस्ट साइड रोड घेतला तर सॅको नदीच्या पश्चिमेने, शेतांमधून, कॉनवेला निघता येतं. मुक्काम लिंकनला असेल तर बार्टलेटवरून बेअर नॉच रोड घ्या: सुमारे नऊ मैल, तुम्हाला थेट कॅन्कमॉगसच्या मध्यावर आणून सोडतो आणि नॉर्थ कॉनवे पूर्ण टळतं. हिवाळ्यात तो बंद असतो, फॉलमध्ये उघडा. झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेली, गाड्या तुरळक. आमच्या मते निव्वळ रंगांसाठी तो मुख्य हायवेपेक्षाही सरस आहे.

माउंट वॉशिंग्टनची ऑटो रोड फॉलसाठी धरू नका. १८६१ सालची ७.६ मैलांची ती चढण स्वतंत्र अनुभव आहे, सरासरी १२ टक्के चढ, पण तिचा वरचा भाग झाडांच्या हद्दीबाहेर जातो.

न्यू जर्सीहून हे एका दिवसात जमत नाही. एडिसनहून एका बाजूने साडेपाच-सहा तास, शुक्रवारी संध्याकाळी त्याहून जास्त. दोन मुक्काम नसतील तर कॅट्स्किल्समधला २३ए, कॅटरस्किलच्या घळीतून जाणारा, किंवा मॅसॅच्युसेट्समधला मोहॉक ट्रेल बघा. दोन्ही ठिकाणी रंग व्हाइट माउंटन्सपेक्षा साधारण आठवडाभर उशिरा येतात. आणि व्हाइट माउंटन्सचं बुकिंग २० ऑक्टोबरनंतरचंच मिळालं असेल तर मेपल विसरा. बीच या झाडाची तांबूस पानं तेव्हाही टिकून असतात, ओलसर सखल भागात टॅमरॅक (पानं गाळणारी सूचिपर्णी झाडं) सोनेरी होतात, हॉटेलचे दर खाली येतात आणि रॉकी गॉर्जला पार्किंग मिळतं.